उडत्या पक्ष्याचा फोटो : कॅमेरा घेण्याआधी थोडं गणित



५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ तारखेला डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. पण आपल्या बीड जिल्ह्यात हा सप्ताह येतो तेव्हा वर्गातली कितीतरी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली असतात. हिवाळी पाहुणे पक्षी तलावावर उतरतात आणि मुलं फडावर जातात. मुलं परत येईपर्यंत पाहुणे निघून गेलेले असतात. चौथीतल्या एका मुलानं मला हेच विचारलं होतं, "सर, ती बदकं आम्हाला कधी दिसायची? आम्ही येतो तवर ती गेलेली असत्यात."

त्या प्रश्नामुळे मी कॅमेऱ्याच्या नादी लागलो. आणि खरं सांगतो, पहिला कॅमेरा चुकीचा घेतला. खोक्यावर '६० एक्स झूम' लिहिलं होतं, दुकानदारानं लांबच्या टॉवरवरचं कबुतर दाखवलं, मी भुललो. दोन वर्षांची भिशी त्यात गेली. बसलेला बगळा छान यायचा, पण उडताना नुसतं आभाळ. चूक कुठं झाली हे कळायला मला आपलंच सातवी-आठवीचं गणित उपयोगी पडलं. तेच इथं मांडतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

१) पहिलं गणित : वेग

पक्षी ताशी ३६ किमी वेगानं उडतोय असं धरू. म्हणजे सेकंदाला १० मीटर. कॅमेऱ्याचा पडदा जितका वेळ उघडा, तितक्या वेळात पक्षी किती सरकेल?

- १/१०० सेकंदात : १० सेमी
- १/५०० सेकंदात : २ सेमी
- १/२००० सेकंदात : ५ मिमी

१० सेमी सरकलं म्हणजे फोटोत पुसट पट्टा. ५ मिमी चालून जातं. बदकं तर याहून जोरात उडतात आणि पंखाचं टोक शरीरापेक्षाही वेगानं हलतं. म्हणून १/२००० हा आकडा लक्षात ठेवा. घार नुसती तरंगत असेल तर १/१००० लाही भागतं.

पण १/५०० वरून १/२००० वर गेलात की आत येणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो. म्हणून कॅमेरा कमी उजेडातही बरा फोटो देणारा हवा. त्यासाठी त्यातला सेन्सर मोठा असावा लागतो. '६० एक्स'वाल्या बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर नखाएवढा असतो. तिथं फोटो दाणेदार होतो.

२) दुसरं गणित : आकार

समरूप त्रिकोण आठवा. सेन्सरवर पडणारी प्रतिमा = लेन्सची लांबी × पक्ष्याचा आकार ÷ अंतर.

चक्रवाक घेऊ. पंख पसरल्यावर साधारण १.२ मीटर. अंतर ६० मीटर. ३०० मिमी लेन्स लावली तर ३०० × १.२ ÷ ६० = ६ मिमी. मध्यम आकाराचा सेन्सर साधारण २४ मिमी रुंद असतो. म्हणजे पक्षी फोटोच्या रुंदीचा चौथा हिस्सा व्यापेल. ४०० मिमीला तिसरा हिस्सा, २०० मिमीला सहावा. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सनं तोच पक्षी साठाव्या हिश्शाहूनही कमी जागेत दिसतो. बोटांनी स्क्रीन कितीही मोठी करा, नसलेली पिसं येणार नाहीत.

मग झूम जितका जास्त तितकं चांगलं? इथंच मी फसलो. ६० एक्स कॅमेऱ्यात पूर्ण झूम केल्यावर ६० मीटरवरची जेमतेम १.८ मीटर रुंद जागा दिसते. सेकंदाला १० मीटर जाणारा पक्षी ती जागा किती वेळात ओलांडेल? ०.१८ सेकंदात! डोळा मिटून उघडेपर्यंत पक्षी चौकटीबाहेर. ३०० मिमीच्या लेन्समधून ४.८ मीटर रुंद जागा दिसते, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद मिळतो. आपण कॅमेरा पक्ष्याबरोबर फिरवत राहिलो तर तो पुरतो. सुरुवातीला ३०० ते ४०० मिमी पुरे. त्याच्या पुढचं नंतर.

३) फोकस : सगळ्यात महत्त्वाचं

समजा, अनोळखी गावात तुम्हाला एक घर शोधायचंय. एक पद्धत म्हणजे दारोदार विचारत जाणं, पुढं गेलो तर पुन्हा मागं येणं. दुसरी म्हणजे पारावरचा माणूस सांगतो, "उजवीकडं वळा, चार घरं सोडून पाचवं."

साध्या झूम कॅमेऱ्यातला फोकस बहुधा पहिल्या पद्धतीनं चालतो. लेन्स पुढं-मागं करून चित्र कुठं स्पष्ट होतं ते चाचपडत राहतो. तोवर पक्षी गेला. दुसऱ्या पद्धतीला 'फेज डिटेक्शन' म्हणतात. लेन्स कुठल्या दिशेला आणि किती फिरवायची हे कॅमेऱ्याला आधीच कळतं. उडत्या पक्ष्यासाठी ही दुसरी पद्धत असलेलाच कॅमेरा घ्या. मेगापिक्सेलचा आकडा नंतर विचारा, हे आधी विचारा.

अलीकडच्या मिररलेस कॅमेऱ्यांत त्याहून पुढची सोय आहे. चौकटीतला पक्षी कॅमेरा स्वतः ओळखतो आणि त्याच्यावर फोकस धरून ठेवतो. नवशिक्याला याचा फार आधार होतो.

४) मग कोणता घ्यावा?

बजेट अगदी कमी असेल तर आधी दुर्बीण घ्या. '८ × ४२' ची दुर्बीण मुलांच्या हातात फिरवता येते. पक्षी ओळखायला शिकल्याशिवाय कॅमेरा फारसा उपयोगी पडत नाही.

मध्यम बजेट असेल तर जुना, पण चांगल्या वर्गातला डीएसएलआर पाहा. उदाहरणार्थ निकॉन डी७२०० (२०१५, ५१ फोकस बिंदू, सेकंदाला ६ फोटो) किंवा कॅनन सेव्हन डी मार्क टू (२०१४, ६५ बिंदू, सेकंदाला १० फोटो). सोबत ७०-३०० लेन्स. मी शेवटी याच वाटेनं गेलो.

नवीन घ्यायचाच असेल तर कॅनन आर५०, आर१० किंवा निकॉन झेड५० टू यांच्यात पक्षी ओळखणारा फोकस आहे. कॅननची १००-४०० ही लेन्स सुमारे ६३५ ग्रॅमची, गळ्यात अडकवून तासभर फिरता येतं. मात्र तिला उजेड भरपूर लागतो. १५०-६०० च्या लेन्स दोन किलोच्या आसपास भरतात. हात भरून येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

लेन्स बदलायची कटकट नको असेल तर सोनी आरएक्स१० मार्क फोर (२०१७) हा एकसंध कॅमेरा आहे. त्यात फेज डिटेक्शन आहे आणि सेन्सरही साध्या झूम कॅमेऱ्यांपेक्षा मोठा आहे.

५) पैसे देण्याआधी

- गावातल्या लग्नाचे फोटो काढणाऱ्याला विनंती करा. त्याच्याकडं बहुधा ७०-२०० लेन्स असते. एक सकाळ त्याच्यासोबत तलावावर जा. आपल्याला हे जमतंय का, हे फुकटात कळेल.
- दुकानाबाहेर या. अंगावर येणाऱ्या मोटारसायकलचे सलग दहा फोटो काढा आणि मोठे करून पाहा. सात-आठ स्पष्ट असतील तर फोकस चांगला.
- जुना कॅमेरा असेल तर पडदा किती वेळा उघडला तो आकडा विचारा. लेन्समधून टॉर्च मारून बुरशी पाहा. पावती घ्या.
- आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर सावधपणे वापरा. स्वस्त कॅमेऱ्यांत त्यानं फडफडणारे पंख वाकडे दिसतात.

६) सराव कुठं आणि कसा?

पहिल्याच दिवशी पाकोळीच्या मागं लागू नका. कापशी घार आणि कवड्या खंड्या हवेत एका जागी पंख फडफडवत थांबतात. त्यांच्यापासून सुरुवात करा. मग बगळा, मग टिटवी, शेवटी बदकं.

पालीजवळचा बिंदुसरा प्रकल्प, सिंदफणेवरचं माजलगाव धरण, धनेगावचं मांजरा धरण, नाहीतर तुमच्या गावचा पाझर तलाव, कुठंही चालेल. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडं उभे राहा, म्हणजे ऊन पाठीवर येतं. पक्षी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उडतात आणि उतरतात. म्हणून वारा पाठीमागून येत असेल तर ते आपल्याकडं तोंड करून उडतील. कॅमेऱ्यात सतत फोकस आणि सलग फोटो हे दोन्ही चालू ठेवा. पक्षी उजळ आभाळावर काळा दिसत असेल तर उजेड एक पायरी वाढवा.

आणि एक गोष्ट मुलांना आधी शिकवा. पक्षी उडावा म्हणून दगड मारायचा नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, घरट्याजवळ जायचं नाही. थंडीत लांबून आलेल्या पक्ष्याला प्रत्येक उड्डाणाला ताकद लागते. पाटोदा तालुक्यातल्या नायगाव मयूर अभयारण्यात जाणार असाल तर वनविभागाची परवानगी घ्या. मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

७) हा खटाटोप कशासाठी?

बसलेल्या चक्रवाकाचा फोटो पुस्तकातही मिळतो. तो नारिंगी दिसतो, बस. उडाला की पंखात पांढरा मोठा पट्टा आणि काळी टोकं दिसतात. हे बसल्यावर नीट कळतच नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी ३०० च्या वर फोटो काढले, त्यातले चार बरे निघाले. ते चार फडावर गेलेल्या पालकांच्या मोबाइलवर पाठवले. दोन दिवसांनी त्याच मुलाचा आवाज आला, "सर, बसल्यावर हे पांढरं कुठं लपवतंय ते?" परिसर अभ्यासाचा पुढचा पाठ मी त्याच प्रश्नावर घेतला. वर्गातल्या मुलांनी कागदाचे पंख करून घडी घालून पाहिली आणि उत्तर फडावर पाठवलं.

वर्गासाठी उपक्रम : वरची दोन्ही गणितं मोठ्या मुलांना स्वतः करू द्या. तुमच्या गावचा पक्षी, तुमच्या तलावाचं अंतर आणि तुमच्याकडं असलेल्या लेन्सची लांबी घाला. उत्तर काय येतं ते मलाही जरूर कळवा.