आपली शॉर्ट लिंक कोणाच्या ताब्यात?

गेल्या वर्षी आम्ही शिष्यवृत्तीच्या माहितीचे एक पत्रक छापले. कोणती कागदपत्रे लागतात, अर्ज कुठे भरायचा, अडचण आली तर कोणाला भेटायचे हे सगळे एका पानावर मावत नव्हते. म्हणून पत्रकाच्या खाली एक क्यूआर कोड आणि एक शॉर्ट लिंक टाकली. दोन्ही एका मोफत सेवेवरून बनवले होते. पत्रके विहारात, अभ्यासिकेत, वसतिगृहात वाटली. तीन आठवड्यांनी बारावीतल्या एका मुलीचा फोन आला, "दादा, कोड स्कॅन केला की पैसे भरा असं येतंय."

ते पैसे मुलांकडून मागितले जात नव्हते, आमच्याकडून मागितले जात होते. मोफत मुदत संपली होती आणि सेवेने लिंक अडवून ठेवली होती. पण मुलांच्या घरी अर्थ वेगळाच गेला. शिष्यवृत्तीच्या नावाखाली ही मंडळी पैसे काढतात, असा. पत्रके परत गोळा करता येत नव्हती. घरोघरी जाऊन समजावण्यात आमचा महिना गेला.

त्यानंतर आम्ही आमच्या गटासाठी स्वतःची लिंक लहान करणारी सेवा उभी केली. ती करताना जे समजले, ते इतर संस्थांच्या आणि तरुण कार्यकर्त्यांच्या उपयोगाचे आहे, म्हणून हा लेख.

शॉर्ट लिंक चालते कशी?

यात जादू काही नाही. सर्व्हरवर एक तक्ता असतो. एका रकान्यात छोटा कोड, दुसऱ्या रकान्यात खरा, लांबलचक पत्ता. कोणी छोटी लिंक उघडली की सर्व्हर तक्त्यात पाहतो आणि ब्राउझरला सांगतो, "तुमचे पान तिकडे आहे, तिकडे जा."

हे सांगण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ३०२ म्हणजे तूर्तास तिकडे जा. ३०१ वापरले तर ब्राउझर तो पत्ता लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी बहुतेकदा आपल्या सर्व्हरला विचारतही नाही. मग उद्या अर्जाचे पान बदलले तर ज्यांनी आधी लिंक उघडली होती ते जुन्याच पानावर जात राहतात. आमचे पहिले दोन महिने याच गोंधळात गेले. आता बदलू शकणाऱ्या प्रत्येक गोष्टीसाठी आम्ही ३०२ ठेवतो.

मराठीत काम करणाऱ्यांना या सेवेची गरज जरा जास्तच आहे. वेब पत्त्यात देवनागरी अक्षर आले आणि तो पत्ता कॉपी केला की ब्राउझर त्याचे बहुधा टक्क्याच्या चिन्हांच्या माळेत रूपांतर करतो. प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार यासाठी नऊ चिन्हे लागतात. 'आंबेडकर' या एका शब्दाची ६३ चिन्हे होतात. मराठी एसएमएसमध्ये एका संदेशाला ७० अक्षरांचीच जागा असते. म्हणजे पत्त्यातल्या एका शब्दातच संदेश भरला. असा पत्ता सरळ क्यूआर कोडमध्ये टाकला तर कोड इतका दाट होतो की लहान आकारात छापल्यावर साध्या फोनला तो वाचताना त्रास होतो.

मधला गेला तर?

शॉर्ट लिंक वापरणे म्हणजे आपल्या आणि वाचकाच्या मध्ये तिसऱ्याला उभे करणे. तो निघून गेला की रस्ता बंद. आपले मूळ पान शाबूत असते, पण त्याकडे जाणारी पाटी उखडलेली असते.

हे मोठमोठ्या सेवांच्या बाबतीत घडले आहे. २००२ मध्ये केविन गिल्बर्टसन यांनी टायनीयूआरएल सुरू केली. पुढे ट्विटरची १४० अक्षरांची मर्यादा आली आणि अशा सेवांचे पीकच आले. २००९ च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या 'ट्रिम' या सेवेने बंद होत असल्याचे जाहीर केले. नंतर तो निर्णय मागे घेतला गेला, पण आपल्या लिंक एका रात्रीत मरू शकतात हे लोकांना पहिल्यांदा कळले. २०१० मध्ये 'डॉट एलवाय' या शेवटाचे एक छोटे नाव लिबियाच्या नोंदणी संस्थेने काढून घेतले. एलवाय हा लिबियाचा देश-कोड आहे, त्यामुळे नियमही तिथलेच लागू झाले.

गुगलचे उदाहरण तर सगळ्यांनी लक्षात ठेवावे. २००९ मध्ये गुगलने 'गू डॉट जीएल' आणले, २०१८ मध्ये ते बंद करण्याची घोषणा केली. २०२४ मध्ये सांगितले की जुन्या लिंकही ऑगस्ट २०२५ नंतर चालणार नाहीत. ऐन वेळी धोरण बदलले. ज्या लिंक वापरात दिसत होत्या त्या ठेवल्या, ज्या कोणी उघडत नव्हते त्यांनाच बंद करायचे ठरले. पण विचार करा, एखाद्या प्रबंधाच्या तळटीपेतली किंवा स्मरणिकेतली लिंक वर्षात कितीजण उघडतात? चळवळीचे कागद नेमके असेच असतात. वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही, आणि एक दिवस कोणाला तरी त्यांची फार गरज पडते.

स्वतःची सेवा उभी करताना

त्यासाठी मोठी कंपनी लागत नाही. स्वतःचे डोमेन, साधे होस्टिंग आणि 'युअर्ल्स'सारखे मुक्त सॉफ्टवेअर पुरते. युअर्ल्स २००९ पासून उपलब्ध आहे आणि मोफत आहे. आमच्या गटातल्या एका अभियंता मित्राने एका रविवारी ते बसवले. बसवणे सोपे होते. खरे काम नंतर सुरू झाले.

पहिली सुधारणा कोडमध्ये करावी लागली. इंग्रजीची लहान-मोठी अक्षरे आणि अंक मिळून ६२ चिन्हे होतात. सहा चिन्हांच्या कोडमधून सुमारे ५,६८० कोटी लिंक बनू शकतात. आपल्याला इतक्या कशाला हव्यात? उलट अडचण अशी की फोनवर लिंक सांगताना मोठे अक्षर की लहान हे समजत नाही आणि छापील पत्रकावर शून्य आणि ओ, एक आणि एल सारखेच दिसतात. आम्ही फक्त लहान अक्षरे आणि अंक ठेवले, त्यातून गोंधळ करणारी पाच चिन्हे काढली. उरलेल्या ३१ चिन्हांच्या पाच अक्षरी कोडमधूनही २ कोटी ८६ लाख लिंक होतात.

दुसरी सुधारणा संपलेल्या लिंकची. अर्जाची मुदत संपली की आधी 'पान सापडत नाही' असे यायचे. आता 'या वर्षीची मुदत संपली, पुढच्या वर्षीसाठी इथे चौकशी करा' असे मराठी पान येते. दर आठवड्याला सगळ्या लिंक तपासणारी एक छोटी आज्ञावलीही लावली आहे. मूळ पान हलले तर आम्हाला ईमेल येतो.

तिसरी सुधारणा वापराच्या परवानगीची. सुरुवातीला कोणीही लिंक बनवू शकत होते. काही दिवसांतच अनोळखी लोकांनी बँकेसारखी दिसणारी खोटी पाने आमच्या नावाआड लपवली. अशा वेळी ब्राउझर आणि मोबाइल कंपन्या पूर्ण डोमेनच धोकादायक ठरवू शकतात. म्हणून आता फक्त सभासदांनाच लिंक बनवता येते. वाचकासाठी एक मधले पानही ठेवले आहे. त्यावर ही लिंक कोणी बनवली आणि कुठे नेणार आहे हे दिसते.

कोण उघडतो, हे कोणाला कळते?

लिंक उघडणाऱ्याचा आयपी पत्ता, वेळ आणि फोनचा प्रकार मधल्या सर्व्हरला दिसतो. रक्तदान शिबिराच्या लिंकला याने फरक पडत नसेल. पण अत्याचाराच्या प्रकरणातील कायदेशीर मदतीची लिंक कोणी उघडली, याची यादी चुकीच्या हाती गेली तर? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची भाषा सोडा, ही साधी माणुसकीची गोष्ट आहे. आम्ही फक्त किती वेळा लिंक उघडली तेवढा आकडा ठेवतो, आयपी पत्ते साठवत नाही.

आणखी एक गैरसमज. लिंक छोटी आणि अगम्य आहे म्हणून ती गुप्त आहे, असे अनेकांना वाटते. २०१६ मध्ये दोन संशोधकांनी छोटे कोड संगणकाने एकामागोमाग तपासून लोकांच्या खासगी फाइली आणि नकाशांवरील प्रवासाचे मार्ग उघडून दाखवले. विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, आधार कार्ड असलेले फोल्डर 'लिंक असलेल्या कोणालाही' खुले ठेवून त्याची शॉर्ट लिंक ग्रुपवर टाकू नका.

छापण्याआधी

वर्षभराच्या संदेशाला कोणतीही सेवा चालेल. पुस्तक, स्मरणिका, भिंतीवरची पाटी यांवर मात्र स्वतःच्या डोमेनचीच लिंक छापा. डोमेनचे नूतनीकरण काही वर्षांचे एकदम करा. पासवर्ड एका व्यक्तीकडे नको, किमान दोघांकडे हवा, कारण आपल्याकडे कार्यकर्ता गाव सोडतो आणि संस्थेची किल्ली त्याच्यासोबत जाते. पूर्ण तक्त्याची प्रत दर महिन्याला उतरवून ठेवा. उद्या सर्व्हर बंद पडला तरी तक्ता हाती असेल तर त्याच डोमेनवर सगळ्या लिंक पुन्हा उभ्या करता येतात.

त्या मुलीने पुढे आमच्या नव्या लिंकवरून अर्ज भरला. आता तिच अभ्यासिकेतल्या मुलांना सांगते की कोड स्कॅन केल्यावर आधी पत्ता वाचा, मग पुढे जा. पत्ता आपला असेल तरच हे सांगण्याला अर्थ आहे. तो आपला ठेवणे हे आपल्या संस्थांचे काम आहे.