शारजाच्या मैदानावरील एक रात्र

देशांतरास गेलेल्या माणसाला पूर्वजांची भूमी केव्हा आठवते? सणावारी आठवते, दुखण्याखुपण्यात आठवते, हे तर सर्वांच्याच अनुभवाचे आहे. परंतु फुटबॉलच्या मैदानावरही ती तितक्याच उत्कटतेने आठवते, याची प्रचीती मला १४ जानेवारी २०१९ च्या रात्री शारजा येथे आली.

त्या काळी मी हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीस होतो. शारजा अमिरातीच्या किनाऱ्यावर, अजमानच्या पलीकडे, १९९५ साली हे औद्योगिक क्षेत्र स्थापन झाले. त्याला स्वतःचे खोल पाण्याचे बंदर आहे. पोलादाचे, लाकडाचे, रसायनांचे कारखाने आहेत. तेथील कामगारांत कोकणातील माणसे पाहून मला प्रथम नवल वाटले. कारण माझे पणजोबाही रत्नागिरीकडूनच, परंतु शर्तबंद मजूर म्हणून, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात आले होते. त्यांनी गलबतातून समुद्र ओलांडला, यांनी विमानातून. पण करारावर अंगठा वा सही करून घर सोडण्याची ती वेदना मात्र मला एकाच जातीची वाटली.

आशिया चषकाच्या गटातील भारताचा तो शेवटचा सामना होता. प्रतिस्पर्धी बहारीन. २०१७ साली बंगळूर येथे मकावचा ४-१ असा पराभव करून भारताने या स्पर्धेत प्रवेश मिळविला होता. ६ जानेवारीस अबू धाबीत थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला. १९६४ नंतर या स्पर्धेतील तो भारताचा पहिलाच विजय. पुढे यजमान अमिरातींकडून ०-२ अशी हार झाली. आता केवळ बरोबरी साधली तरी पुढील फेरी हाती येणार होती. एवढे गणित कॅम्पातील प्रत्येकाला मुखोद्गत झाले होते.

दिवसपाळी संपवून आम्ही सातजण निघालो. आमच्यात सिंधुदुर्गाकडील एक वयस्क फिटर होते. सर्वजण त्यांना काका म्हणत. एक तरुण वेल्डर होता. त्याचा करार त्याच महिन्यात संपत होता. मैदानात बसून सामना पाहण्याची त्याची ती पहिलीच वेळ. शारजाचे प्रेक्षागार त्या रात्री आपल्याच माणसांनी फुललेले दिसले. मल्याळी, बंगाली, पंजाबी, मराठी, सर्वांच्या हाती एकच तिरंगा होता.

खेळ सुरू होऊन चार मिनिटे होतात न होतात तोच बचावपटू अनस जायबंदी होऊन बाहेर गेला. पुढे बहारीनचे हल्ल्यामागून हल्ले येत राहिले आणि गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू ते परतवीत राहिला. वेल्डर दर पाच मिनिटांनी विचारी, “काका, बरोबरी चालेल ना?” काका म्हणत, “चालेल रे बाबा, पण शिटी वाजेपर्यंत काही बोलू नकोस.”

नव्वद मिनिटे सरली. गोलफलक कोरा होता. आणि तेवढ्यात भारताच्या गोलक्षेत्रात प्रणय हलदरकडून प्रतिपक्षाचा खेळाडू पाडला गेला. पंचाने पेनल्टी दिली. जमाल रशीदने चेंडू जाळ्यात धाडला. त्याच वेळी अल ऐन येथे अमिराती आणि थायलंड यांची बरोबरी झाली, आणि भारत गटात चौथा ठरला. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाइन यांनी सामना संपताच पदत्याग केला.

परतीच्या बसमध्ये कोणी बोलेना. अखेर त्या वेल्डरने मला विचारले, “दादा, तुमचा देश तर मॉरिशस. मग तुमच्या डोळ्यांत पाणी का?”

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. माझा देश मॉरिशसच; १९६८ साली तो स्वतंत्र झाला, त्यासाठी आमच्या वाडवडिलांनी घाम आणि रक्तही दिले. बेल व्ह्यू येथील फुटबॉलच्या मैदानास अंजले हिचे नाव आहे. १९४३ साली मळ्यातील मजुरांवर गोळीबार झाला, त्यात ती गरोदर स्त्री प्राणास मुकली. ज्या भूमीत आपल्या माणसाचे रक्त सांडले, तीच आपली भूमी. याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु बरोबर बसलेल्या माणसांचे दुःख आपले वाटण्यास पारपत्राची आवश्यकता नसते. मी त्याला एवढेच म्हणालो, “अरे, तू रडलास म्हणून मी रडलो.”

दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. गावाहून कुणाबरोबर तरी आलेला तिळगूळ होता. “घ्या, गोड बोला,” असे म्हणत त्यांनी सर्वांच्या हातावर एकेक वडी ठेवली. पुढच्या बाकावर बहारीनच्या विजयाने हर्षलेला एक परका तरुण बसला होता. त्याच्याही हातावर ठेवली. तो क्षणभर गोंधळला, मग हसला.

वाचकहो, आमचे पूर्वज बोटीतून उतरले तेव्हा त्यांच्या गाठोड्यात याहून अधिक काय असेल? थोडी भाषा, थोडे सण, आणि शेजाऱ्याला देण्याइतका गोडवा. मंडळाच्या वर्धापनदिनी आपण जमतो ते हेच गाठोडे पुन्हा बांधून मुलांच्या हाती देण्यासाठी. तो वेल्डर महिनाअखेरीस गावी गेला. पहाटेच्या पाळीला त्याची जागा दुसऱ्या एका मुलाने घेतली. तोही कोकणातलाच होता.