ऋण पैशांचं आणि वर्षांचं

अमेरिकेत नर्स व्हायचं तर कर्ज काढायलाच हवं, असं नाही. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी घ्या किंवा विद्यापीठाची चार वर्षांची, परवान्याची परीक्षा एकच: एनक्लेक्स. म्हणून अनेकजण आधी नर्सिंग असिस्टंटचं काम करतात, त्या कमाईतून छोटी पदवी घेतात आणि पुढचं शिक्षण नोकरीत राहून करतात. मालकाने भरलेली फी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत करमुक्त असते.

पण अट वाचा हं! फी भरणारं रुग्णालय पुष्कळदा ठरावीक वर्षं तिथेच काम करण्याचं लिहून घेतं. म्हणजे हेही ऋणच, फक्त वर्षांनी फेडायचं. आपल्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये श्रम आधी होते, मागे देणं उरत नव्हतं. तेव्हा सही करण्याआधी एवढं विचारा: मधेच सोडलं तर किती भरावं लागेल?