सर्पगंधा आणि तान्हें मूल

पनवेल म्हटलें कीं जुन्या मंडळींस धूतपापेश्वरच्या औषधांची आठवण होते. १८७२ सालीं येथें सुरू झालेल्या त्या कारखान्यामुळें आसवें, गुटिका, काढे हे शब्द नवीन पनवेलच्या वसाहतींतल्या घरांसहि परके नाहींत. त्यांबरोबर एक समजूतहि घरोघर रूढ आहे, कीं झाडपाल्याचें औषध गुण न देईल, पण अपाय करणार नाहीं. सर्पगंधेच्या मुळाची हकीकत या समजुतीस बाध आणते.

रक्तदाब उतरविण्याच्या कामीं या मुळाचा रुग्णांवर आलेला अनुभव मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्य वैद्यांचें लक्ष तिकडे वळलें. पुढें १९५२ सालीं त्यांतून रेसर्पीन हें द्रव्य स्वित्झर्लंडमध्यें वेगळें काढण्यांत आलें. शरीरांत सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनलिन यांचे सांठे असतात; रेसर्पीन ते रिते करतें. नॉरअ‍ॅड्रेनलिनचा ताण गेला कीं रक्तवाहिन्या सैल पडतात व दाब उतरतो. नाकाच्या आंतल्या वाहिन्याहि सैल होऊन रक्तानें फुगतात, नाक चोंदतें. मोठें माणूस तोंडानें श्वास घेतें आणि ती गोष्ट विसरून जातें.

तान्ह्याचें तसें नाहीं. पहिले कांहीं आठवडे मूल बहुतेक नाकानेंच श्वास घेतें. अंगावर पितांना तर दुसरी वाटच नाहीं. रेसर्पीन वारेंतून पोटांतल्या मुलास पोंचतें. १९५० नंतरच्या दशकांत प्रसूतीपूर्वीं तें दिलेल्या मातांचीं कांहीं मुलें चोंदलेल्या नाकाचीं व सुस्त अशीं जन्मलीं. कांहीं निळीं पडलीं. आया मात्र सुखरूप होत्या!

खुद्द सेरोटोनिनहि असेंच वयाप्रमाणें वागतें. १९४८ सालीं रक्तद्रवांत तें हातीं आलें तें वाहिन्या आवळणारें द्रव्य म्हणून. नांवहि त्यावरूनच पडलें. परंतु निरोगी प्रौढाच्या हृदयाच्या वाहिन्या त्यानें रुंदावलेल्या आढळल्या आहेत. उलट नाळेच्या वाहिन्या त्यानें जोरानें आवळल्या जातात, आणि मेंढीच्या पोटांतल्या कोकराच्या फुप्फुसांतल्या वाहिन्याहि आकुंचन पावतात.

गरोदर सुनेस डॉक्टर चालू औषधें विचारतात, तेव्हां ती इंग्रजी गोळ्यांचीं नांवें सांगते व सासूबाईंनीं दिलेली मुळी वगळते. ती मुळी आधीं सांगावी. रक्तदाबाचें चालू औषध आपल्या मनानें बंदहि करूं नये. गरोदरपणांत चालणारीं दुसरीं औषधें आज आहेत, तीं डॉक्टर निवडतील.