मोझेकची हौस आणि टाइलचा हिशेब

यशवंतपूर म्हटले, की बाहेरगावच्या माणसाला रेल्वे स्टेशन आठवते आणि बंगळुरूकराला चंदनाच्या साबणाचा कारखाना. येथून जवळच, भारतीय विज्ञान संस्थेच्या परिसरात, म्हैसूर संस्थानच्या काळात चिनी मातीचा सरकारी कारखाना सुरू झाला. १९७६ साली तो ‘भेल’कडे गेला आणि विजेच्या तारांसाठी लागणारे इन्सुलेटर तयार करत राहिला. चिनी मातीशी इतकी जवळीक असलेल्या या भागात मोझेकसाठी बोटाच्या पेराएवढ्या टाइल्स शोधायला निघालेली गृहिणी मात्र बहुधा हिरमुसूनच घरी येते.

कारण ती जाते हस्तकलेच्या वस्तूंच्या दुकानात. तेथे रंगीत काचेच्या टाइल्सची चिमुकली, देखणी पाकिटे टांगलेली असतात. एक पाकीट घेतले, की कामाला सुरुवात होते. दुसरे, तिसरे घेतले तरी ट्रेचा निम्मा भाग रिकामाच. दाराची पाटी, कुंडी, चहाचा ट्रे अशा वस्तू करून चार पैसे मिळवावेत असा विचार असेल, तर हिशेब इथेच कोसळतो. वस्तूला गिऱ्हाईक जी किंमत देईल, ती नुसत्या टाइल्समध्येच संपते. मेहनतीचे मोल मग कोठून निघणार?

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. काचेची नेहमीची मोझेक टाइल २० मिलिमीटर चौरस आणि ४ मिलिमीटर जाड असते. तिचे वजन साधारण ४ ग्रॅम भरते. म्हणजे १०० ग्रॅमच्या पाकिटात जेमतेम २५ टाइल्स. आता ३० सेंटिमीटर व्यासाचा गोल ट्रे घ्या. मधल्या फटी धरून त्याला सुमारे १५० टाइल्स लागतात. म्हणजेच सहा पाकिटे!

हीच टाइल पोहण्याच्या तलावांना आणि न्हाणीघरांच्या भिंतींना लावतात आणि बांधकामाच्या बाजारात ती कागदावर किंवा जाळीवर चिकटवलेल्या तावांच्या रूपात मिळते. नेहमीच्या तावात १५ ओळी आणि दर ओळीत १५ अशा २२५ टाइल्स असतात. वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. तेव्हा दुकानदाराने तावाचा भाव सांगितला, की त्याला नऊने भागावे आणि आलेला आकडा १०० ग्रॅमच्या पाकिटाच्या किमतीशेजारी ठेवावा. घासाघीस करण्याआधीच निम्मे काम होते. तावाचा कागद टाइलच्या दर्शनी बाजूला चिकटवलेला असतो. कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवला, की तो सुटून येतो.

‘चूरु’ मागायला लाजू नये

यशवंतपूरहून पीण्याकडे जाणाऱ्या तुमकूर रस्त्यावर काय किंवा शहरात अन्यत्र काय, टाइल्सच्या दुकानात शिरल्यावर नवी पेटी मागायची नाही. विचारायचे ते उरलेल्या मालाबद्दल. एखाद्याचे न्हाणीघर पूर्ण होऊन दोन-तीन ताव मागे राहतात, एखादा रंग कंपनी बंद करते, नव्या नमुन्यांसाठी भिंतीवरचे जुने नमुना-फलक उतरवले जातात. दुकानदाराला त्यांची अडचणच असते. फक्त सकाळच्या गर्दीत न जाता दुपारी निवांत जावे आणि दोन शब्द कन्नड बोलावे. ‘ओडेद टाइल्स इदेया?’ म्हणजे फुटक्या टाइल्स आहेत का? तुकड्यांना कन्नडमध्ये ‘चूरु’ म्हणतात. मराठी बाईच्या तोंडून हा शब्द ऐकला, की समोरचा हसतो आणि पुष्कळदा आतून खोके काढून आणतो.

दुसरे ठिकाण म्हणजे ओळखीचा गवंडी. फरशी बसवताना कडेला कापलेल्या पट्ट्या रोजच निघतात. मालकाला विचारून त्या मागून घ्याव्यात. न विचारता बांधकामावरून काही उचलू नये.

फुटक्या टाइल्सचे काम म्हणजे गरिबीचा उपाय, असे कोणाला वाटत असेल तर त्यांनी चंडीगडचे रॉक गार्डन आठवावे. रस्ते खात्यातल्या नेक चंद यांनी फुटक्या कपबश्या, बांगड्या आणि टाकाऊ चिनी मातीतून ते उभे केले आणि १९७६ साली ते लोकांसाठी खुले झाले. बार्सिलोनात गौदीने पार्क गुएलच्या बाकांवर तुटक्या टाइल्सच लावल्या. इतके दूर तरी कशाला जायचे? मुंबई-पुण्याच्या गच्च्यांवर पाणी गळू नये म्हणून पांढऱ्या तुकड्यांचे चायना मोझेक कितीतरी वर्षे घालत आले आहेत. तोच हा माल.

सगळे तुकडे मात्र सारखे नसतात. भिंतीची चकाकीवाली टाइल मऊ, पक्कडीने सहज तुटते. जमिनीची व्हिट्रिफाइड टाइल हट्टी. ओल्या जागेत, कुंडीवर किंवा अंगणातल्या तुळशी वृंदावनावर व्हिट्रिफाइड किंवा काचेची टाइल टिकते, कारण ती पाणी पीत नाही. ट्रेमध्ये दोन जाडीच्या टाइल्स एकत्र लावल्या तर कप डुगडुगतो. हे पहिल्या चहालाच कळते!

तोडण्याच्या कामात घाई नको. टाइल जाड गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडावी, डोळ्यांना चष्मा हवाच आणि मुलांना लांब ठेवावे. यंत्राने कोरडी टाइल कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते. तिच्यातल्या सिलिकामुळे सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार जडतो. कापायचेच असेल तर पाण्याखाली कापून घ्यावे आणि तेही कारागिराकडून. पक्कड आणि रंगीत ऑक्साइड यांसाठी एस. पी. रोडचा हार्डवेअर बाजार बरा. यशवंतपूरला मेट्रो २०१४ साली आली आणि २०१७ पासून तीच गाडी थेट चिकपेटला जाते. तेथून बाजार जवळच आहे.

नमुना घरातच आहे

चौकोनी टाइल्ससाठी नक्षीचे पुस्तक विकत आणण्याचे कारण नाही. आईच्या पेटीत दसुतीचे जुने नमुने असतील, तर एक टाका म्हणजे एक टाइल धरावी. ठिपक्यांची रांगोळीही चालते. चौकटीच्या वहीत आधी रंग भरून पाहिले, की कोणत्या रंगाच्या किती टाइल्स लागतील ते मोजता येते आणि जास्तीचा ताव घ्यावा लागत नाही.

घरातल्या कोरड्या वस्तूंना पांढरा गोंद पुरतो. पावसात राहणाऱ्या वस्तूला सिमेंटचा टाइल-ॲडेसिव्हच लावावा. एक दिवस वाळू द्यावे, मग पांढऱ्या सिमेंटमध्ये ऑक्साइड मिसळून फटी भराव्यात. हातमोजे घालावेत, कारण ओले सिमेंट कातडी भाजते. वर राहिलेले सिमेंट पूर्ण कडक होण्याआधीच ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. आणि तुळशी वृंदावन असेल, तर पुढचे तीन दिवस त्यावर ओले गोणपाट टाकून ठेवावे.