खुब्याचा नवा सांधा आणि रक्ताची गुठळी

कृत्रिम खुबा बसविल्यावर रुग्ण चालू लागतो. परंतु पायाच्या खोल शिरेत गोठलेले रक्त फुफ्फुसात पोहोचल्यास प्राणावर बेतते. म्हणून सुमारे पाच आठवडे प्रतिबंधक औषध देण्याचा प्रघात आहे. ते स्वल्पमोली अ‍ॅस्पिरिन असावे काय, हाच संशोधकांपुढील कळीचा प्रश्न होय. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात प्रथम पाच दिवस रिव्हरॉक्साबॅन व पुढे अ‍ॅस्पिरिन देणे पुरेसे ठरले. ऑस्ट्रेलियातील २०२२ च्या खुबा-गुडघा चाचणीत मात्र आरंभापासून केवळ अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ३.४५ टक्के रुग्णांत, तर एनॉक्सापॅरिनची सुई घेणाऱ्या १.८२ टक्के रुग्णांत नव्वद दिवसांत लक्षणे दाखविणाऱ्या गुठळ्या झाल्या. पहिले दिवसच निर्णायक असावेत, असे वाटते खरे. पण दोन्हीकडील तुलनेची औषधे निराळी होती. पोटरी सुजल्यास वा धाप लागल्यास डॉक्टरांना तत्काळ दाखवावे.