बाळाची वाढ : किती थांबावे, केव्हा विचारावे

रामपायलीच्या श्रीराम मंदिरात बाळाला देवाच्या पायांवर घालण्यासाठी माता-भगिनी येतात. दर्शनानंतर घटकाभर बसल्या की बोलणे बहुधा एकाच विषयाकडे वळते. "तुमचा बसू लागला का? आमचा अजून नाही." या काळजीविषयी येथे थोडे विवेचन करीत आहोत.

बाळाने एखादी गोष्ट अमुकच दिवशी करावी असा निसर्गाचा नियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांचे निरीक्षण करून २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे काहींना चौथ्या महिन्याच्या सुमारास साधले, तर काहींना नऊ महिने उलटल्यावर. एकट्याने चालण्याची मर्यादा आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेली आढळली. शंभरातील सुमारे चार बालके तर रांगलीच नाहीत! तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना करून सुनेला बोल लावणे व्यर्थ होय. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचे वय तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनच मोजावयास हवे.

परंतु ही मर्यादा अमर्याद नाही. "याचा बापही उशिराच बोलला होता" हे वाक्य घरोघरी ऐकू येते आणि त्यात मोलाची वर्षे निघून जातात. जन्मतः ऐकू न येणारे बाळही आरंभीच्या महिन्यांत हसते, हुंकार देते. जमिनीच्या हादऱ्याने किंवा सावली हलल्याने मान वळवते. त्यामुळे घरच्यांस शंका येत नाही. वर्षाचे होऊनही बाळ 'बाबा', 'दादा' असे बोबडे आवाज काढीत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही सार्थ शब्द नसेल, अथवा दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडीत नसेल, तर प्रथम कानांची तपासणी करून घ्यावी. भाषा ग्रहण करण्याचा मेंदूचा मुख्य काळ हाच असतो. शिकलेली गोष्ट बाळ विसरू लागले, तर मात्र एक दिवसही थांबू नये.

वजनाचे गणित सोपे आहे. जन्मवेळचे वजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होते. सहा महिने पूर्ण झाल्यावर केवळ मातेचे दूध पुरत नाही. आपल्याकडील उष्टावणाची वेळही हीच आहे. दुसऱ्या वर्षी वाढीचा वेग स्वभावतःच मंदावतो व भूकही कमी होते. बळजबरीने भरविण्याचे कारण नाही. पण अंगणवाडीतील तक्त्यावरची रेषा लागोपाठ आडवी राहिली, तर विचारणा करावी.

शाळेच्या वयात उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते. पुढे मुलींची झपाट्याची वाढ मुलांच्या सुमारे दोन वर्षे आधी सुरू होते. आठ वर्षांपूर्वी मुलीत वा नऊ वर्षांपूर्वी मुलात वयात येण्याची चिन्हे दिसली, अथवा मुलीत तेरा व मुलात चौदा वर्षांपर्यंत ती मुळीच दिसली नाहीत, तर संकोच न करता वैद्यकीय सल्ला घ्यावा.

या तपासण्यांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून त्याचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाडीत व शासकीय शाळांत त्याअंतर्गत विनामूल्य होते. जाताना बाळाचे लसीकरणाचे व वजनाच्या नोंदींचे कार्ड सोबत न्यावे.